गुलाबी बर्फ

गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरचं झाकण मार्लीनने पुन्हा उचललं, तेव्हा तिचा नवरा वेंडल मागे दारात उभा होता.

"पहारा त्या फ्रीझरवर चाललाय की माझ्यावर?" त्याने विचारलं.

"गोठलंय का ते बघतेय."

"वाइन आहे ती. तिचा दगड होत नसतो. इतकी वर्षं करतेयस, आणि माहीत नाही होय?"

मार्लीनने झाकण लावलं. माहीत होतंच तिला. गुलाबी वाइन पसरट ट्रेमध्ये ओतून रात्रभर ठेवली तरी कडक होत नाही. चमच्याने खरवडली की ओल्या बर्फासारखी सुटते. गोठल्यावर रंग फिका पडतो, म्हणून वाइन आधीच गडद रंगाची घ्यावी लागते. मग गोठवलेल्या स्ट्रॉबेऱ्या, साखरेचा पाक आणि लिंबाचा रस घालून मिक्सरमधून काढायची, परत थोडा वेळ थंड करायची आणि ग्लासात भरायची. हे सगळं तिच्या हातात बसलेलं होतं. ती बघायला जात होती ते ट्रे जागेवर आहेत ना, हे. आणि हे वेंडलला कळलेलं होतं, हेही तिला कळत होतं.

एरी सरोवराच्या काठचं त्यांचं गाव जुलैत नुसतं शिजत असतं. पाणी इतकं जवळ, पण वाऱ्याची झुळूक म्हणून येत नाही. त्याच दिवसांत एका शनिवारी त्यांची गल्ली दोन्ही टोकांना लाकडी अडथळे लावून बंद करतात, रस्त्यावर टेबलं मांडतात आणि सगळी घरं मिळून जेवतात. कोणाकडे मक्याची कणसं, कोणाकडे सॉसेज, कोणाकडे कोबीचं कोशिंबिरीसारखं काहीतरी. मार्लीनकडे गोठवलेली वाइन. शाळेच्या कँटीनमध्ये आयुष्यभर पोरांच्या ताटात वाढत आलेली ही बाई त्या एका दुपारी गल्लीची राणी असायची. लोक ग्लास घेऊन तिच्यापुढे रांग लावायचे आणि ती मोठ्या चमच्याने वाढायची, कोणाला जास्त कोणाला कमी, मर्जीप्रमाणे.

पण गेल्या ऑक्टोबरात वेंडल शिडीवरून पडला. एसी दुरुस्त करायला एका घराच्या छपरावर चढला होता, सकाळची वेळ, आणि प्यालेला होता. खांदा निखळला, नोकरी गेली. त्यानंतर तो चर्चच्या तळघरात भरणाऱ्या, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकांना जायला लागला. तिथे त्याला एल्मर भेटला. एल्मर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्याने दारू सोडून बरीच वर्षं झाली होती. मन चळलं की वेंडलने एल्मरला फोन करायचा, असं त्यांचं ठरलेलं होतं. हिवाळा गेला, वसंत गेला. वेंडल प्याला नाही. निदान मार्लीनला सापडलं तरी नाही.

जूनमध्ये तिने समोरच्या ओडेसाला सांगून टाकलं होतं, "यंदा मी बटाट्याचं सॅलड आणीन."

ओडेसा पोस्टातून निवृत्त झालेली, नवरा वारलेला, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "बरं केलंस. तुझं सॅलड कोणी खाणार नाही, पण बरं केलंस."

ही गोष्ट गल्लीत फिरली. आठवड्याभराने वेंडल हार्डवेअरच्या दुकानातून आला तो तोंड पाडून. पिशवी ओट्यावर आपटली आणि म्हणाला, "करून टाक तुझी ती वाइन. मी काय लहान पोर आहे का, हात पोचू नये म्हणून वर फळीवर ठेवायला?"

"मी तसं कुठं म्हटलं?"

"तू नाही म्हणालीस. बाकी सगळे बघतात ना माझ्याकडे."

मार्लीनने दोन दिवस विचार केल्यासारखं केलं आणि वाइन आणली. खरं तर तिला ती करायचीच होती.

आता तो शनिवार उजाडला होता आणि तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिने स्ट्रॉबेऱ्या काढल्या, परत ठेवल्या. लिंबं पिळली. बाहेर जाऊन टेबलं कुठे मांडतायत ते बघून आली, घामाने भिजून परत आली, तोंड धुतलं. वेंडल मागच्या अंगणात खुर्च्या पुसत होता. खिडकीतून तो दिसला की तिला बरं वाटायचं आणि दिसेनासा झाला की हातातलं काम थांबायचं. मग ती काहीतरी निमित्त काढून हाक मारायची. "वेंडल, मोठी बर्फाची पेटी कुठंय?" त्याचं उत्तर आलं की ऐकायचीसुद्धा नाही, आवाज कसा आहे, तेवढंच ऐकायची.

दहाच्या सुमारास ती स्वयंपाकघरात आली आणि भांडी निथळायच्या जाळीवर तिला एक ट्रे दिसला. पसरट, पांढरा, त्या वाइनच्या ट्रेंपैकीच. स्वच्छ धुतलेला.

वेंडल सांगितल्याशिवाय कपही विसळत नसे.

ती गॅरेजमध्ये गेली. फ्रीझरमध्ये वरच्या थरात एक जागा मोकळी होती. तिने ट्रे हलवून पाहिले, पिशव्या उपसल्या, खाली हात घालून चाचपलं. मग झाकण तसंच उघडं टाकून तिने शोधायला सुरुवात केली. जागा तिला पाठ होत्या. पाणी तापवायच्या टाकीमागे, गवत कापायच्या यंत्राच्या पिशवीत, जुन्या रंगाच्या डब्यांच्या मागे. काही मिळालं नाही. शेवटी तिने त्याची हत्यारांची पेटी उघडली आणि पाने-पकडी बाजूला सारत ती गुडघ्यांवर बसली.

"काय हरवलंय?" वेंडल तिच्या डोक्यावर उभा होता.

ती उठली नाही. "ट्रे कोणी धुतला?"

"मी."

"आणि त्यात होतं ते?"

"ओतलं. सिंकमध्ये."

"का?"

वेंडलने पुढे येऊन फ्रीझरचं झाकण लावलं, मग त्याच्यावरच हात टेकून उभा राहिला. "बर्फ काढायला आलो होतो, पेटीत भरायला. वरती तो ट्रे होता. मी नुसता बघत राहिलो. मग घरात जाऊन चमचा घेऊन आलो. का आणला, विचारू नकोस. खरवडलं आणि तोंडापर्यंत नेलं. मग भीती वाटली. ट्रे उचलला, सिंकमध्ये उपडा केला आणि गरम पाणी सोडलं."

"तोंडापर्यंत म्हणजे कुठपर्यंत?"

त्याने झाकणावरचं पाणी हाताने पुसलं.

"वेंडल, कुठपर्यंत?"

"ओठांना लागलं. गिळलं नाही."

मार्लीन त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. असलं कितीतरी तिने आजवर ऐकलं होतं. एकच ग्लास, मित्राने आग्रह केला, खोकल्याचं औषध होतं. प्रत्येक वेळी तो याच तोंडाने बोलला होता, याच डोळ्यांनी बघत.

"मग मला का नाही सांगितलंस? मी घरातच होते ना."

"तू पेटीत हात घालून बसली आहेस, मार्लीन. खरं सांगितलं तरी तू शोधणार, खोटं सांगितलं तरी शोधणार. मग सांगायचं कशाला?"

"तूच म्हणालास कर म्हणून."

"नाहीतर काय म्हणणार होतो? अख्खी गल्ली म्हणाली असती, वेंडलमुळे यंदा वाइन नाही. पोरं येऊन विचारणार, आई-बाप त्यांना गप्प करणार. त्यापेक्षा म्हटलं होऊ दे. वाटलं होतं, जमेल." त्याने खांदा चोळला. "तू तरी नाही म्हणायचंस."

हे ऐकलं आणि मार्लीनच्या आत बरेच महिने दाबून ठेवलेलं काहीतरी सुटलं. ती उठली.

"मी का नाही म्हणू? मला आवडतं ते. उन्हाळ्यात एक दिवस माझ्यासमोर रांग लागते, तेही मला आवडतं. मी कधी शिडीवरून पडले नाही. हिवाळाभर मी घरात एक थेंब आणला नाही, नाताळात माझ्या बहिणीकडे गेले नाही, कारण तिथे बाटल्या असतात. मी तुझ्याकडे बघत बसते, दिवसभर, दुसरं काही सुचतच नाही मला. कंटाळा आलाय मला तुझ्याकडे बघायचा."

"मलाही आलाय," वेंडल म्हणाला. "तुझ्या नजरेखाली राहायचा."

दोघंही घामाने डबडबले होते. बाहेर कोणीतरी टेबल ओढत होतं, त्याचे पाय डांबरावर खरडत होते. वेंडलने खिशातून फोन काढला.

"मी एल्मरकडे जातो. आज या घरात माझ्याने राहवणार नाही."

"ट्रक तू चालवणार?"

क्षणभर त्याने तिच्याकडे पाहिलं. मग किल्ल्या फ्रीझरवर ठेवल्या. "त्यालाच बोलावतो."

एल्मर आला, मार्लीनला टोपी उचलून नमस्कार केला, काही विचारलं नाही आणि वेंडलला घेऊन गेला. गाडी वळेपर्यंत मार्लीन पायऱ्यांवर उभी राहिली. मग ती आत गेली, सगळे ट्रे बर्फाच्या पेटीत रचले, वर स्ट्रॉबेऱ्या आणि पाकाची बाटली ठेवली, पेटी दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडला आणि ओडेसाच्या दारावर लाथ मारली, कारण हात मोकळा नव्हता.

ओडेसाने दार उघडलं, पेटीकडे पाहिलं, मार्लीनच्या तोंडाकडे पाहिलं. "आत ये. मिक्सर माझा जुना आहे, ओरडतो फार. कुठंय तो?"

"एल्मरकडे."

"प्यालाय?"

"नाही म्हणतो."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला माहीत नाही, ओडेसा. खरंच नाही माहीत."

"मग स्ट्रॉबेऱ्या दे इकडे," ओडेसा म्हणाली.

दोघींनी मिळून ते केलं. मिक्सर खरंच ओरडत होता, त्यामुळे बोलावं लागलं नाही. मार्लीनने लिंबू जास्त घातलं, मग पाक जास्त घातला, मग पुन्हा लिंबू. ओडेसाने तिच्या हातातून बाटली काढून घेतली. "खाली ठेव ती. खराब करशील."

दुपारी रांग लागली. मार्लीनने वाढलं. लोकांनी ओठ गुलाबी करून घेतले, डोकं गारठलं म्हणून कपाळ दाबलं, यंदा नेहमीपेक्षा छान झालंय म्हणाले. वेंडल कुठंय, असं कोणी विचारलं की ओडेसाच मधे पडायची, "कामाला गेलाय, तुझ्यासारखा रिकामा नाही तो." मार्लीनने स्वतःसाठीही एक ग्लास भरला. दोन घोट घेतले. चव चांगली होती, आणि चांगली आहे याचाच तिला राग आला. ती एक डोळा रस्त्याच्या टोकाकडे ठेवून होती. तिथे लाकडी अडथळ्यांपलीकडे एखादी गाडी थांबली की तिचा चमचा हवेतच राहायचा. ग्लासातला बर्फ वितळून पातळ झाला. तो तिने ओडेसाच्या कुंडीत ओतला आणि मग ओडेसाकडे पाहिलं.

"जा," ओडेसा म्हणाली. "उरलेलं मी वाढते. आणि ही पेटी इथेच राहू दे. तुला प्यावंसं वाटलं की माझ्या पायऱ्यांवर येऊन पी. मला तरी कोण सोबतीला आहे?"

मार्लीन घरी आली तेव्हा वेंडल मागच्या पायऱ्यांवर बसलेला होता. एल्मर मागच्या गल्लीने त्याला सोडून गेला होता. हात कोपरापर्यंत काळे, दिवसभर कोणाच्या तरी बोटीचं इंजिन उघडत बसला असणार. ती त्याच्या शेजारी बसली, थोडी जास्तच जवळ. मान किंचित त्याच्याकडे वळवली. तिला वाटलं, सहज वळवली.

वेंडलने तिच्याकडे तोंड केलं आणि एक लांब श्वास तिच्या चेहऱ्यावर सोडला.

"घे. बघून घे एकदाचं."

नको म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने वास घेतला. कॉफी होती, आणि कच्चा कांदा.

"कांदा खाल्लायस," ती म्हणाली.

"एल्मर सगळ्यावर कांदा घालतो. त्याच्या बायकोने त्याला कसं सहन केलं, देव जाणे."

ती हसली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले. "सकाळचं मला या वासाने नाही कळणार."

"नाही कळणार," तो म्हणाला. "आणि उद्याचं मलाही नाही कळत. पण पुढच्या वेळी ते घरात नको. हे मी म्हणायला हवं होतं. लाज वाटली म्हणून नाही म्हणालो."

"मी ओडेसाकडे जाईन. शुक्रवारी वगैरे."

"जा की. तुझे तुझे दिवस आहेत." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "परत आल्यावर लगेच माझ्याजवळ बसू नकोस मात्र. दात घास आधी."

ती जात राहिली. ओडेसाचा मिक्सर ओरडायचा, दोघी पायऱ्यांवर बसून ग्लास संपवायच्या, आणि हळूहळू मार्लीनला घराकडे पाठ करून बसता येऊ लागलं. रोज नाही, एखाद्या शुक्रवारी.

सप्टेंबरात, शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा दुपारी कँटीनमध्ये तिचा फोन वाजला. वेंडल होता.

"मी प्यालोय," तो म्हणाला. "बाटली घेतली आणि निम्मी संपवली. टायरच्या दुकानामागे आहे, ट्रकमध्ये. एल्मरला फोन केलाय. किल्ली मी बाहेर गवतात फेकलीय. तू येतेस का?"

तिच्या हातात ताट होतं. समोर एक मुलगी उभी होती, कणसांची वाट बघत. मार्लीनने तिच्या ताटात वाढलं. तिला राग आला होता आणि रडूही.

"कुठलं टायरचं दुकान?" तिने विचारलं, आणि तो सांगत असताना दुसऱ्या हाताने ॲप्रनची गाठ सोडायला लागली.