हेल्काचं दूध बंद केलं तेव्हा

हेल्का आणि सिर्कु माझ्या जुळ्या मुली, इतक्या सारख्या की त्यांचा बापही फसायचा. चौथ्या वर्षी सिर्कुला मधुमेह झाला. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीरानं मारून टाकल्या. हेल्का मात्र ठणठणीत राहिली. तिलाही होतोय का हे पाहायला कुओपिओ शहरातल्या दवाखान्यात दर तीन महिन्यांनी तिचं रक्त तपासत.

अकराव्या वर्षी, जानेवारीत, तिच्या रक्तातही तसल्याच हल्ल्याच्या खुणा सापडल्या. एक नव्हे, दोन; म्हणजे आज ना उद्या मधुमेह होणार, असं समजतात.

जन्मल्यावर सिर्कु अशक्त होती म्हणून तिला वरचं दूध दिलं होतं. हेल्का माझ्या अंगावर प्यायली. दोघींत फरक म्हणावा तर तेवढाच, आणि तो मला सात वर्षं कुरतडत होता. कुणालाही न विचारता मी हेल्काचं दूध, लोणी, आणि साखर वाढेल या भीतीनं काळा पावसुद्धा, सगळं बंद केलं.

महिन्याभरानं आम्ही तिघी गोठलेल्या तळ्यावर स्की करत होतो. मध्येच हेल्का बर्फावर बसली. ती घामानं भिजली होती आणि थरथरत होती.

"आई, मला नीट दिसत नाहीये."

सिर्कुनं आपलं साखर मोजायचं यंत्र काढलं, बहिणीचं बोट चोळून टोचलं. मी तिकडे बघूच शकले नाही.

"तीन पूर्णांक एक," सिर्कु म्हणाली. "साखर वाढली नाहीये, उतरलीय. सकाळी काय खाल्लंस गं?"

"अर्धं सफरचंद."

"वेडी आहेस का?"

"आईनं तेवढंच दिलं."

सिर्कुनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःसाठी ठेवलेला रस तिला पाजला.

सोमवारी मी राउहाला सगळं सांगितलं. हेल्काचं रक्त पहिल्यापासून हीच नर्स घ्यायची.

"जनुकं दोघींची सारखीच," ती म्हणाली. "पण कुठलं जागं होतं नि कुठलं झोपून राहतं, ते पुढे बदलत जातं. खाण्यानं, आजारपणानं, कशाकशानं. दुधाचा संशय आम्हालाही होता. वर्षानुवर्षं तपासलं, पण ठाम काही हाती लागलं नाही."

"मग मी काय करू?"

"तिला पोटभर जेवू घाल. आणि असलं काही करण्याआधी मला फोन कर."

त्याला आता दीड वर्ष झालं. रक्तातल्या खुणा तशाच आहेत, साखर अजून ताब्यात आहे. हेल्का सगळं खाते. फक्त मी समोर बसले की ताटली थोडी स्वतःकडे ओढून घेते.