‘मागचा बाक’वरची निधनवार्ता

‘मागचा बाक’ हा आमचा ब्लॉग मंत्रालयात वाचला जातो, हे मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय. खरंच जायचा. एका मंत्र्यांच्या पीएनं फोन करून एक ओळ बदलायला सांगितली होती आणि बाबांनी ती बदलली नव्हती. आर्वीतल्या आमच्या मधल्या खोलीतून अख्ख्या महाराष्ट्राचं राजकारण!

मी जन्मले त्या सुमारास बाबा नागपूरच्या एका पेपरला बातम्या पाठवायचे. पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं, तिकडे पेपरचा माणूस स्टँडवर येऊन घ्यायचा. पण बातमीतलं मुद्द्याचं तेवढंच नेमकं कापलं जायचं. म्हणून २००५ साली बाबांनी कॉम्प्युटर घेतला आणि कोणी कात्री लावणार नाही असं स्वतःचं पान सुरू केलं. मराठी टायपिंग त्यांना पुढे मी शिकवलं. अजून दोनच बोटं चालतात.

बाबांचा नियम एकच. दोघांकडून कळल्याशिवाय लिहायचं नाही. मागच्या वर्षी त्यांनी तो मोडला.

तळेगावचे माजी आमदार आनंदराव साहेब सेवाग्रामला दवाखान्यात होते. पेपरमधल्या जुन्या सवयीनं बाबांनी त्यांच्यावरचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवला होता. त्या दुपारी मी शाळेत होते. तळेगावहून बंडूजींचा फोन आला. हे साहेबांचे जुने कार्यकर्ते. बाजारातले सारे शटर अर्धे खाली आहेत, साहेब गेले, असं सांगून ते रडायलाच लागले. तिथे मोठं माणूस गेलं की अंत्ययात्रा निघून जाईपर्यंत दुकानदार शटर अर्धे ओढून ठेवतात. बाबांनी दुसरा फोन केलाच नाही. त्यांना चॅनेलवाल्यांच्या आधी बातमी द्यायची होती, म्हणून तयार लेख लगेच ब्लॉगवर लावला.

शटर खाली होते ते एका म्हाताऱ्या धान्य-व्यापाऱ्यासाठी. साहेब दवाखान्यात डब्याची वाट पाहत होते.

साहेबांच्या मेहुण्याचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं ब्लॉग वाचला आणि रोहण्याला वडलांना, रूपरावांना, कळवलं. माणूस गेला का, असं फोनवर कोणी विचारत नाही, उठून जातात. नवरा गेला की बाईसाठी माहेरहून लुगडं न्यावं लागतं. रूपराव ते घेऊन निघाले. तळेगावात शिरताना अर्धे शटर दिसले, मग शंकाच उरली नाही. त्यांची बहीण, म्हणजे साहेबांच्या पत्नी शकुंतलाबाई, नवऱ्याचा डबा भरत होत्या. रूपरावांनी लुगडं त्यांच्यापुढे ठेवलं.

संध्याकाळपर्यंत आम्हाला सगळं कळलं. ब्लॉगवर लोक विचारत होते, ‘आज कोणाले मारलं?’ बाबांनी लेख पुसून टाकला. मग म्हणाले, ब्लॉगच बंद करतो. आईही तेच म्हणाली. मी म्हटलं, आधी त्यांच्या घरी जाऊ. एवढं मोठ्यांसमोर मी पहिल्यांदाच बोलले असेन, पण बोलले.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी बाबांसोबत तळेगावला गेले. शकुंतलाबाई ओसरीत बसल्या होत्या. बाबा पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

“हेमराज, मी हातातल्या बांगड्या काढाले लागलती,” त्या म्हणाल्या. “भावाचं तोंड पाहून. एका हातातल्या निघाल्या. मंग आमच्या पोराचा, धीरजचा, फोन आला दवाखान्यातून. म्हणे, बाबाले आज वरण पातळ पाह्यजे.”

बाबांनी खाली मान घालून सांगितलं की लेख पुसला, आता ब्लॉगही बंद करतो.

“काऊन? पुसला तं लोकाईले कसं समजन का तू चुकला? मेले म्हणून तूच सांगितलं, आता जिवंत हायेत हेही तूच सांग.” मग म्हणाल्या, “अन् पुढच्या वेळी मी सांगन. तोपर्यंत लिहू नको.”

बाबांनी मान डोलावली. “हो, आजी,” मी म्हटलं.

घरी येऊन मी तो लेख परत लावला आणि बाबा सांगत गेले तसं वर टाइप केलं: ही बातमी खोटी आहे. आनंदराव जिवंत आहेत. मी खात्री केली नाही. हेमराज. त्यानंतर वाचक निम्मे झाले. मंत्रालयातून पुन्हा कोणाचा फोन आला नाही.

दिवाळीनंतर साहेब खरंच गेले. सकाळीच चॅनेलवर पट्टी आली. सेवाग्रामहून बंडूजींनी सांगितलं, अजून दोघांनी सांगितलं. बाबा कॉम्प्युटर चालू करून नुसते बसून राहिले. लोक लिहीत होते, ‘मागचा बाक झोपला काय?’ एकानं लिहिलं, ‘तेव्हा जगू देत नव्हता, आता मरू देऊन नाई राह्यला.’ माझे हात शिवशिवत होते. सगळ्यांनी दिलीय बातमी, मी म्हटलं.

“त्या बाईनं दिली नाई अजून,” बाबा म्हणाले.

दुपार टळून गेल्यावर फोन वाजला. बाबांनी आवाज ओळखला, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

“लिही, बाई,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “आता लिही.”

मी की-बोर्ड जवळ ओढला. मग विचारलं, “किती वाजता गेले, आजी?”

त्यांनी सांगितलं. मी ते त्यांना परत वाचून दाखवलं, त्या “हो” म्हणाल्या, आणि मगच मी पुढची ओळ लिहिली.