माझ्यावरचा तळहात

मी सुनावणीच्या टेबलावरची पितळी घंटी बोलतेय. आजवर नुसती वाजत आले. आज बोलायचं आहे, पण मान वर होत नाही.

ओतशाळेतून निघाले आणि थेट उद्योजक महासंघाच्या हाती पडले. त्यांनी मला सरकारी समितीला भेट म्हणून दिलं. बुडाशी त्यांचं नाव कोरलंय. सुरुवातीला मला त्याचा केवढा तोरा होता!

काम सोपं. हवामान धोरणावर बोलायला येणाऱ्या प्रत्येकाला ठरावीक वेळ. ती संपली की अध्यक्ष मला दाबतात. माणसं गडबडतात, कागद गोळा करतात आणि बोलणं अर्धवट टाकून खाली उतरतात.

त्या दिवशी विषय कोळशाच्या जुन्या भट्ट्यांचा होता. मसुद्यात त्या पाच वर्षांत बंद करायच्या होत्या. महासंघाचे सचिव उठले. आवाज गोड, घाई कसलीच नाही. पाचाची पंधरा वर्षं करा, नाहीतर कारखाने बसतील, हेच ते घोळवून घोळवून सांगत राहिले. वेळ केव्हाच संपली होती. अध्यक्षांनी मला दाबलं नाही, माझ्यावर नुसता अलगद तळहात ठेवला, झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. महासंघाचं कुणी बोलत असलं की नेहमीच ठेवायचे. मला आपले ते लाड वाटायचे.

मग एक बाई आली. तिचा नवरा बसचालक. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी स्टिअरिंगवरच कोसळला, तो उठलाच नाही. आता मुलगा त्याच मार्गावर बस चालवतो. त्यालाही उन्हाने चक्कर येऊन गेली होती. "पंधरा वर्षं थांबायचं म्हणता, तोवर माझा पोरगा..." इथवर ती आली आणि मी टणकन वाजले.

बाई उतरली नाही. टेबलाजवळ आली.

"साहेब, मघाशी ही वाजली नाही. बिघडली होती का?"

"छे हो, चांगली आहे की," अध्यक्ष सवयीने म्हणाले आणि तिची खात्री पटावी म्हणून त्यांनी मला दाबलं.

मी खणखणीत वाजले. सगळ्या सभागृहाने ऐकलं. सचिवांनी पाण्याचा घोट घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग माझं राहिलेलं बोलू का?" तिने विचारलं. वेळ नाही, असं तिला सांगण्यात आलं.

धोरण आलं. पंधरा वर्षं. सचिवांची वाक्यं स्वल्पविरामासकट त्यात उतरली होती. बाईचं वाक्य मात्र अर्धंच राहिलं.

शिपाई मला रोज पुसून लख्ख करतो. त्याचीही आता लाज वाटते. तुम्ही कधी सुनावणीला आलात, तर मी वाजले म्हणून दचकू नका. मी वाजत नसेन, तेव्हा माझ्याकडे बघा.