धुतलेल्या अळ्या

धम्मानंदनं मूठभर दाणे टाकीत फेकले. टाकीतले जिताडे मासे उसळून वर आले, दाणे तोंडात घेतले आणि थुंकून टाकले.

"तुझ्या स्वयंपाकावर थुंकले, डॉक्टर," शैलेंद्र म्हणाला. तो पुण्याचा, याच प्रयोगावर धम्मानंदचा जोडीदार.

"गप रे. अजून एकदा."

पुन्हा तेच. साहेब, मिस्टर लिम, घड्याळाकडे बघत होते. "फिश डोन्ट ईट, हाऊ टू कंटिन्यू लाह? मंडे, टँक गो टू अदर टीम." ते फोन घेऊन बाहेर गेले.

समुद्रातले बारके मासे दळायचे आणि पाळलेल्या मोठ्या माशांना चारायचे, हा जगाचा धंदा. समुद्र रिकामा होतोय, कुणाच्या बापाचं काय जातं! धम्मानंदचं म्हणणं साधं होतं: हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या खाऊगल्ल्यांच्या, उष्ट्यावर माशीच्या अळ्या वाढवा, सुकवा, दळा, तेच खाऊ घाला. दोन वर्षं त्यानं याच्यापायी घातली होती. आज आई बघायला आली होती. महाडकडच्या गावातून या परक्या देशात महिन्यासाठी आलेल्या शांताबाई कोपऱ्यात स्टुलावर ताठ बसल्या होत्या.

शैलेंद्रनं दाणा नाकाशी धरला. "अरे, याला वासच नाही! काय केलंस याचं?"

"पीठ धुतलं."

"धुतलं?"

"गरम पाण्यानं. तीनदा."

"वेडा आहेस का? मासा वासावर येतो. हे तू शिकवलंस मला! का धुतलंस?"

 धम्मानंदची नजर आईकडे गेली आणि परत फिरली. शैलेंद्रला काही कळलं नाही. कसं कळणार? त्याच्या घराण्यात दारातून बाहेर पडताना कुणाला स्वतःचं अंग हुंगून बघावं लागलं नव्हतं. धम्मानंदच्या आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तरी शाळेत पोरं नाक दाबायची. शांताबाई त्याला काथ्यानं घासून, कातडी लाल करून शाळेत धाडायच्या.

"न धुतलेलं आहे का?" शैलेंद्रनं विचारलं.

"डब्यात आहे."

"मग उघड की!"

झाकण निघालं तसा भपकारा शेडभर पसरला. शांताबाईंनी पदर नाकाला लावला. धम्मानंदनं ते पाहिलं आणि हातमोजे न घालताच बादलीत पीठ ओतून पाण्यात मळायला बसला. बोटांनी चिमटे काढून गोळ्या पाडल्या. एक मूठ टाकीत भिरकावली.

पाणी फुटलं! चंदेरी पाठी एकमेकींवर आदळत होत्या, शेपट्यांनी दोघांनाही भिजवलं. एकही गोळी तळाला गेली नाही.

"खाल्लं! खाल्लं रे!" धम्मानंद ओरडला. लिम धावत आत आले. "वाह! वाह! वन मोअर टाइम!" शैलेंद्रनं धम्मानंदला कडकडून मिठी मारली, आणि लगेच मागे सरला.

"शी! काय घाण वास मारतोयस!"

धम्मानंदचं हसू तिथंच थबकलं. स्टूल सरकल्याचा आवाज झाला. शांताबाई उठल्या, नाकावरचा पदर काढून त्यांनी कमरेला खोचला आणि शैलेंद्रच्या समोरून टाकीपाशी आल्या.

"सर बाजूला," त्या लेकाला म्हणाल्या, आणि बांगड्या वर सारून त्यांनी बादलीत हात घातला.