ठिपका जागेवर

पेन्सिलीची ती रेघ आता एक राहिली नव्हती. निम्मी रायफलीच्या पाठीवर, निम्मी साइट धरून ठेवणाऱ्या माउंटच्या पायावर... सकाळी तिनेच श्वास धरून, पट्टी लावून ओढलेली सलग रेघ, आणि आता तिचे दोन तुकडे एकमेकांना केसभर चुकवून उभे होते. अंजनाने चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली घेतला. उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिले. तरी खात्री पटेना, तेव्हा तिने करंगळीचे नख त्या जागेवरून हळूच ओढले, आणि नख अडखळले. इवलीशी पायरी होती तिथे. नखाचे काही ऑपरेशन झालेले नाही, नखाला रेघ वाकडी दिसत नाही.

हलतंय ते हे आहे.

म्हणजे मी नाही... म्हणजे इतके दिवस मी नव्हतेच.

पत्र्याच्या त्या लांब शेडमध्ये, कळंब्याच्या तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात समोरचे कागदी लक्ष्य फडफडत होते आणि त्यावर तिच्या छऱ्यांची भोके—आधी मधोमध, मग थोडी वर, मग वर-डावीकडे—कुणीतरी दाणे टाकत टाकत बाहेर निघून जावे तशी. गेले कित्येक दिवस हेच. रोज ठिपका नव्याने जुळवून घेतला की सुरुवातीचे चार-पाच छरे असे एकावर एक बसायचे की तिला वाटायचे, आलं, सगळं परत आलं. आणि मग हळूहळू ते पांगायचे, आणि ती रायफल खाली ठेवून आपल्याच तळहाताकडे बघत बसायची.

"आटपलं व्हय?" मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून संयोगिता म्हणाली. तिच्या मांडीवर रायफलीची रिकामी पेटी होती. दोघी कॉलेजपासून एकत्र नेम धरणाऱ्या. संयोगिताने संसारात पडल्यावर रायफल सोडली, अंजनाने सोडली नव्हती. आज सोडणार होती. संयोगिताच्या भाचीला, साक्षीला, ती रायफल द्यायचे ठरले होते, तिनेच आपण होऊन शब्द दिला होता, आणि शेवटचे म्हणून थोडे छरे मारून घेते, एवढेच आज सकाळी म्हणाली होती.

"थांब जरा."

"थांबतो की. मला काय घाई न्हाय. साक्षीच सारखी फोन करतीया."

थांब. पण थांबून काय सांगायचे? पडदा सुटला म्हणून उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले त्याला वर्ष होऊन गेले. पडदा बसला, पण सरळ रेघ त्या डोळ्याला मधेच वाकलेली दिसू लागली, आणि रायफलीच्या पुढच्या-मागच्या माश्या, नेम धरायच्या त्या दोन खुणा, एका ओळीत आणायच्या म्हणजे सगळा सरळ रेघेचाच कारभार. तेव्हा तिने दोन गोष्टी केल्या. रायफल उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतली—गाल, बोट, श्वास, सगळे उलटे, लिहिता हात बदलावा तसे—आणि जुन्या माश्यांच्या जागी ही रेड डॉट साइट आणली: छोट्याशा काचेत तरंगणारा एक लाल ठिपका, तो लक्ष्यावर ठेवायचा आणि घोडा ओढायचा, बस्स. उजव्या डोळ्याला तो ठिपका चिरडलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसायचा. डाव्याला गोल, स्वच्छ. पहिल्यांदा तो गोल दिसला त्या दिवशी ती घरी येऊन नवऱ्याला, सम्राटला, काहीबाही बोलत सुटली होती आणि तो हसत म्हणाला होता, "अगं, आधी जेव तर."

आणि मग ते पांगणे सुरू झाले. तिला वाटले, डावा हात शिकत नाही. मग वाटले, डावा डोळाही चालला.

कारण तिने पाहिले होते ना ते घरातच. आबा, तिचे वडील... कळंब्याच्या तुरुंगात शिपाई म्हणून आयुष्य गेले त्यांचे, तिला पहिल्यांदा नेम धरायला शिकवणारे तेच. शेवटच्या वर्षी पाण्याच्या पेल्याकडे हात न्यायचे आणि बोटे पेल्याशेजारच्या रिकाम्या जागेवर मिटायची. पुन्हा न्यायचे, पुन्हा रिकामी. मग ती गुपचूप पेला सरकवून त्यांच्या हाताखाली द्यायची, आणि आबांच्या चेहऱ्यावर असे समाधान यायचे की आपल्याला सापडला. किती प्रेमाने करत होते मी ते. आणि अलीकडे सम्राट जिन्यातला दिवा लावून ठेवतो, विहारात कुणी तिच्या चपला समोर आणून मांडते, संयोगिता भोके विखुरलेली दिसत असून "झकास मारलंस" म्हणते... कुठे कुठे कोण कोण माझा पेला सरकवत असेल?

म्हणून तर साक्षीला रायफल द्यायची. कुणी हळूच काढून घेण्याआधी आपणच द्यायची. पण काल रात्री अंथरुणावर तिला नुसते सुचले, एक रेघ ओढून तर बघू.

"संयोगिता, ये इकडं. नख फिरव इथं."

संयोगिताने पेटी खाली ठेवली, वाकून नख फिरवले. "हाय की गं. उंचवटा लागतोय. काय झालंय?"

"माउंट मागं सरकलाय. ही स्प्रिंगची रायफल, हिचा धक्का आधी मागं आणि लगेच पुढं. रायफल पुढं जाते, साइट जागच्या जागी राहायला बघते. दर छऱ्याला थोडी थोडी."

"मग आवळ की."

"नुसतं आवळून नाही भागायचं."

बोलता बोलता तिचे हात कामाला लागलेही होते. ॲलन कीने तिने स्क्रू ढिले केले, साइट माउंटसकट उचलली, आणि खाली रायफलीच्या खाचेत चकचकणारा तेलाचा पातळ थर बघून तिला हसू फुटले. तेल! गंज चढू नये म्हणून तिनेच मायेने घातलेले तेल, आणि त्याच्यावर तिनेच माउंट बसवलेला. चिकणमातीवर खांब रोवल्यासारखा. तिने पर्समधून डोळ्यांच्या थेंबांबरोबर असणारा कापूस काढला, शेडच्या प्रथमोपचार पेटीतले स्पिरिट घेतले, खाच पुसली, माउंटचा पाय पुसला, स्क्रूच्या आट्या पुसल्या. कापूस काळा निघेनासा होईपर्यंत. मग माउंट उलटा केला—आणि पायाच्या मागच्या टोकाला, आत चढवून ठेवलेली एक बारीक खुंटी तिला दिसली. रायफलीच्या पाठीवर तेवढेच एक भोक. इतके दिवस ते भोक तिने रोज पाहिले होते; कशाचे असेल हे एकदाही मनात आले नव्हते, कारण रोज ती स्वतःलाच तपासत होती.

तिने खुंटी फिरवून बाहेर काढली, आणि माउंट बसवताना ती भोकात उतरली तेव्हा बारीक टक् झाले. आता मागे सरकायला वाटच नव्हती. स्क्रू धक्क्याने सुटू नयेत म्हणून लावतात त्या निळ्या डिंकाचा तिने एकेक थेंब दिला, आणि आवळताना एक पूर्ण, मग दुसरा, असे केले नाही. याला थोडे, त्याला थोडे, परत याला थोडे, भाकरीला चारी बाजूंनी सारखा ताव द्यावा तसे, शेवटी ॲलन की बोटांत रुतेल इतकेच, त्यापुढे जोर नाही. मग नवी रेघ.

डिंक धरायला वेळ हवा. दोघी तळ्याच्या कडेला जाऊन चहा पिऊन आल्या. ऊन चढले. चहा कसा होता ते अंजनाला सांगता आले नसते. साक्षीचा पुन्हा फोन आला. "येतो गं, जरा काम निघालंय," एवढेच बोलून संयोगिताने तो ठेवला आणि अंजनाकडे न बघता कप विसळला.

वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून तिने मारायला सुरुवात केली. भोके पडली ती मधोमध नव्हेत, उजवीकडे खाली. पण एका जागी, एकमेकांत घुसून. तिने साइटच्या बाजूची चकती फिरवली—कट्, कट्—मग वरची. ठिपका भोकांकडे निघाला. पुन्हा छरे. पुन्हा कट्. आणि मग मध्यावर एक काळे भोक, ज्याची नुसती कड खात पुढचे छरे जात राहिले. तिने रायफलीच्या दस्त्यावर तळहाताने चांगला दणका दिला, पुन्हा छरा मारला. तिथेच. डबीतले छरे संपत आले तरी तिथेच.

"आयला," संयोगिता हळूच म्हणाली.

आता पिशवी बाजूला. उभे राहून, डाव्या खांद्यावर. ठिपका लक्ष्यावर थरथरत होता, तसा तो थरथरणारच. एक आत. एक आत. तिसऱ्याला तिच्या मनात आले की जमतंय, आणि त्याच क्षणी बोट घाईने ओढले गेले. छरा खाली, पार बाहेर.

"सरकलं का गं परत?"

"नाही," अंजना म्हणाली. तिने साइटकडे पाहिलेही नाही. "तो माझा होता. मी ओढला घाईनं."

म्हणताना तिला आपला आवाज अनोळखी वाटला, कारण तो आनंदाचा होता. आतापर्यंत प्रत्येक चुकलेला छरा डोळ्याचा, वयाचा, रक्तातून येणाऱ्या कशाचा तरी होता, आणि त्याच्यापुढे काही करायला नव्हते. हा साधा होता. बोटाची घाई... हिच्यावर उद्या काम करता येईल, परवा करता येईल, आणि तरीही कदाचित नाहीच जमणार, डावे बोट ते, आणि डोळ्याचे तर काय, डोळा जायचाच असेल तर जाईलही. जाऊ दे. पण आता जे चुकेल ते मला दिसेल. भीती होती तिथेच होती, नेहमीच्या जागी; फक्त तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसले होते, अधीर, पाय हलवत.

"मग साक्षीला काय सांगू?" संयोगिताने विचारले. पेटी अजून खुर्चीखाली उघडीच होती.

अंजनाने नळी बिजागरीवर खाली वाकवून छरा आत ढकलला, नळी परत बसवली. उत्तर द्यायला हवे होते, शब्द दिलेला होता, आणि पोरगी खरोखर गुणी होती... तिने गाल दस्त्याला लावला. श्वास आत घेतला, निम्मा सोडला, आणि उरलेला निम्मा धरून ठेवला.