एका नावाचा खर्च

"एकशे अठरा रुपये? नीलाताई, यार, एवढेच?" तिचा साहेब विश्वजित यानं कागद टेबलावर टाकला. "चारशे दहा दिसायला हवेत. बुधवारी कमिटीकडे जायचंय."

नीला खांबेटे उभीच राहिली. गुडगावच्या त्या काचेच्या इमारतीत वेबसाइटांच्या नावांची नोंदणी ठेवणारी कंपनी होती. एक नाव एकालाच, आणि त्याची फी दरवर्षी. ती किती घ्यायची हे कंपनीनं दाखवलेल्या खर्चावरून एक कमिटी ठरवी. एका नावामागचा तो खर्च काढायचं काम नीलाचं. सरकारी खात्यातली वीस वर्षांची नोकरी सोडून ती दुप्पट पगारावर इथे आली होती. मुलीच्या, अबोलीच्या इंजिनीअरिंगची फी त्याच पगारातून जाई.

"मशीन, लाइनी, पगार, जनरेटरचं डिझेल, सगळं धरलंय," ती म्हणाली.

"डिझेल अर्धंच धरलंत."

"उरलेलं अर्धं वरच्या कॉल सेंटरचं. तेही मालकांचंच, पण त्याचा नावांशी काय संबंध?"

"बिल्कुल नाही. पण कमिटीला काय कळतंय?" विश्वजित हसला. "मालकांची सिंगापूरची ट्रिपही घाला. सगळेच करतात."

तेवढ्यात खालून फोन आला. एक म्हातारे फौजी अडून बसले होते, हिशोबवाल्यांनाच भेटणार म्हणत होते. नीला खाली गेली.

ते होते सुभेदार संपतराव धुमाळ. निवृत्त झाले, तरी मुलाच्या क्वार्टरवर छावणीतच राहत. सैनिकांच्या विधवांना पेन्शनचे कुठले फॉर्म कुठे द्यायचे, हे सांगणारी वेबसाइट त्यांनी चालवली होती.

"मराठीच का तुम्ही? बरं झालं बाई," ते म्हणाले. "बायपास झाली माझी. फी भरायला बारा दिवस उशीर झाला. आता नाव सोडवायला आठ हजार मागतायत. कशाचे, एवढंच सांगा. तुमचा खर्च झाला असंल तर मोजून देतो."

"थांबा, विचारून येते," नीला म्हणाली. ती तशीच वर आली.

"बंद पडलेलं नाव पुन्हा चालू करायला काय लागतं?"

"एक क्लिक. का?" विश्वजितनं विचारलं.

"मग आठ हजार कसले?"

"गरज असते तो देतो, ताई. धंदा आहे."

नीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "धंदा? मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाताय तुम्ही! नवरे गेलेल्या बायकांच्या पेन्शनसाठी आहे ते नाव!"

सगळा हॉल वळून बघू लागला. विश्वजित आवाज न चढवता म्हणाला, "इमोशनल होऊ नका. चारशे दहाचा तक्ता चारपर्यंत पाहिजे."

नीलानं कंपनीचा छापील कागद ओढला. 'नाव पूर्ववत करण्यास येणारा प्रत्यक्ष खर्च : दोन रुपये,' असं लिहून सही केली, शिक्का मारला आणि खाली जाऊन तो कागद संपतरावांच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "बाई, नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. तुम्ही हा जोडून तक्रार करा."

दुसऱ्याच दिवशी तिला महिन्याची नोटीस मिळाली. चारशे दहाचा तक्ता दुसऱ्याच्या सहीनं गेला आणि कमिटीनं पाव तासात मंजूर केला. संपतरावांची तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. महिना भरायच्या आत त्यांचं नाव एका दलालानं पैसे भरून उचललं. आता ते उघडलं की विधवांना पेन्शनवर कर्ज देणाऱ्यांच्या जाहिराती दिसत. नीलानं ते पाहिलं.

शेवटच्या दिवशी सकाळी तिला काउंटरवर नोकरी सोडल्याचं पत्र दाखवलं; त्यावर साहेबांची सही व्हायची होती. 'कौटुंबिक कारणामुळे राजीनामा.' तिनं काउंटरवरचं पेन उचललं, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'खर्चाचे खोटे आकडे लिहिण्यास नकार दिल्यामुळे.'

"मॅडम, ऐसे लेटर पे तो कोई साइन नहीं करेगा," काउंटरवरची मुलगी घाबरून म्हणाली.

"तो रख लो."

नीला बाहेर पडली. जूनचे अकरा वाजले होते. ऑफिसची बस संध्याकाळी साडेसहाला. हायवेवर ना झाड, ना फुटपाथ. गाड्या धूळ उडवत अंगावरून जात होत्या. तिनं पदर डोक्यावर घेतला, पर्स दुसऱ्या खांद्यावर टाकली आणि रस्त्याच्या कडेनं दिल्लीच्या, घराच्या दिशेला चालू लागली.