सोळा दातांची पट्टी

मी दातांचे रंग जुळवणारी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. माझ्यावर चिनी मातीचे सोळा दात ओळीने बसवले आहेत. पहिला दुधासारखा, शेवटचा कडक चहासारखा. भट्टीत भाजून निघाले आणि थेट दातांच्या दवाखान्यात आले. नवा दात बसवायचा तर तो शेजारच्या दातांत मिसळेल का, हे माझ्यावरून ठरतं.

अठरा वर्षांत "माझ्या दातांसारखाच द्या" असं म्हणणारं कोणी भेटलं नाही. सगळ्यांचं बोट पहिल्या दातावर; त्यातही विड्या ओढणारे सर्वांत पुढे.

एकदा चित्रपटगृहाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाई आल्या. लहानपणी पडून त्यांचा पुढचा दात मेला होता, काळा पडला होता. बाकीचे त्यांनी लिंबू आणि कोळशाने घासून इतके झिजवले होते, की गार पाण्यानेही कळ यायची. बोलताना तोंडावर हात. सोबत आठ वर्षांची लेक. डॉक्टरीणबाईंनी तिला हसवलं, तर तिनेही तोंडावर हात ठेवला.

लेक बाहेर गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "मी माझ्यासाठी नाही आले हो. हिचे दात चांगले आहेत. माझं बघून झाकायला शिकली."

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. औषध लावून दात उजळतात, पण झिजलेल्या दातांना ते झोंबेल. मेलेला दात बाहेरून उजळत नाही. आतून औषध भरावं, तर हा चिरलेला. तेव्हा बाकीचे नुसते साफ करू आणि यावर कॅप बसवू.

इथे चूक झाली. रंग आधी बघायचा असतो, दात ओले असताना, दिवसाच्या उजेडात. तासभर तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. डॉक्टरीणबाईंना हे पाठ होतं. पण बाहेर पेशंट खोळंबले होते. मला काढलं ते सर्वांत शेवटी, दिव्याखाली. माझा दुसरा दात ठरला. मला दात सोळा, पण जीभ नाही, बोलणार कशी?

कॅप बसली आणि घरी गेल्यावर खडूसारखी उठून दिसू लागली. जाऊबाईंनी विचारलं, "एकच दात पाहुणा आलाय का गं?" त्या दिवसापासून बाईंनी हसणंच सोडलं. शाळेच्या फोटोत लेकीनेही ओठ घट्ट मिटले. तो फोटो घेऊनच बाई परत आल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खिडकीशी नेलं, बराच वेळ पाहिलं. "चूक माझी आहे. दात सुकले होते आणि मी घाई केली. पुन्हा करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लेकीला घेऊन आल्या; पहिलं काम तेच. चूळ भरून बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्याच हातात दिलं आणि निवडायला सांगितलं लेकीला. आईने आजवर कोणाला इतक्या जवळून दात बघू दिले नव्हते. पोरगी एकेक दात लावून बघत गेली आणि अकराव्यावर थांबली. "हा आईचा."

"अकरावा? अगं, एखादा वरचा नंबर दे की आईला."

"वरचे तुझे नाहीतच."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर आहे. बाईंना हसू फुटलं. सवयीने हात वर गेला, पण हातात मी. झाकलेल्या तोंडाऐवजी लेकीला दिसले ओळीने सोळा दात. ती पोट धरून हसली, दोन्ही हातांनी पोट धरून.

आता रंग मोजायला यंत्र आलंय. मी खणात असते. मित्रांनो, दात हलक्या हाताने घासा, लिंबू-कोळशाच्या नादी लागू नका. आणि घरात कोणी तोंड झाकून हसत असेल, तर चेष्टा करू नका. शेजारी बसून हसा, तोंड उघडं ठेवून.